डन्फर्मलिनचे ग्रंथालय : वास्तू दात्याची, दिवाबत्ती गावाची



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज मी आपल्यापुढे एका घराचा इतिहास मांडणार आहे. हे घर म्हणजे एका विणकरांच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालय. गाव फार दूरचे, स्कॉटलंडमधले, नाव डन्फर्मलिन. इतक्या दूरचे उदाहरण कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, त्या घराच्या निमित्ताने जो प्रश्न तेथे निर्माण झाला आणि ज्या पद्धतीने तो सोडविला गेला, तोच प्रश्न आपल्या लहान गावांच्या ग्रंथालयांपुढे दरवर्षी मार्च महिन्यात उभा राहतो. ग्रंथालयाची इमारत कोणी बांधावी हा त्यातला सोपा भाग आहे. ती उघडी कोणी ठेवावी, हा अवघड भाग.

आपल्याकडची जुनी रीत आपणांस माहीत आहे. कोणी देऊळ बांधले, घाट बांधला, धर्मशाळा बांधली, तर तो शहाणा दाता नुसते दगड रचून थांबत नसे. पूजेअर्चेसाठी, नंदादीपासाठी तो जमीन लावून देई. दिवाबत्तीची सोय करून ठेवी. ते उत्पन्न जोवर चाले तोवर दिवा जळे. उत्पन्न आटले, वहिवाटदार भांडले, की गाभाऱ्यात वटवाघळे येत. गावाने त्या दिव्यात तेल घालावे असे सहसा कोणाच्या मनात येत नसे, कारण तो दिवा दात्याचा होता.

ग्रंथालये आपल्याकडे आली ती वेगळ्या वाटेने आली. रत्नागिरीस १८२८ साली, नाशिकास १८४० साली, पुण्यास १८४८ साली जी ग्रंथालये निघाली, ती 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या पठडीतील होती. चार अधिकारी, चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र येत, वर्गणी काढीत, पुस्तके जमवीत. ज्याला वर्गणी परवडे तो वाचक. संस्था आपली, पण गावाची म्हणावी तर अर्धीच. या दोन्ही रीतींहून, म्हणजे दात्याच्या दिव्याहून आणि वर्गणीदारांच्या मंडळाहून, निराळी अशी तिसरी रीत डन्फर्मलिनला दिसते. ती नीट समजावून घ्यावयाची तर प्रथम त्या गावाकडे वळले पाहिजे.

डन्फर्मलिन हे स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातले जुने गाव. एकेकाळी ती स्कॉटिश राजांची राजधानी होती. तेथील मठात रॉबर्ट ब्रूस या प्रसिद्ध राजाचे दफन झालेले आहे. राज्य गेले तरी गावाने आपले नाव राखले ते डमास्क या नक्षीदार लिननच्या कापडामुळे. आपल्याकडे पैठणच्या मागाचे जे नाव, तसेच काहीसे तिकडे डन्फर्मलिनचे. घराच्या तळमजल्यावर हातमाग, वर दोन खोल्यांत बिऱ्हाड, अशी तेथील विणकरांची वस्ती असे. हे विणकर मोठे वाचणारे आणि वाद घालणारे लोक होते. राजकारण, धर्म, मताधिकार, कशावरही ते तावातावाने बोलत. माग चालू असताना एकाने वर्तमानपत्र वाचावे आणि बाकीच्यांनी धोटा फेकता फेकता ऐकावे, हा अशा वस्त्यांतला नित्याचा प्रकार होता.

या विणकरांनी आपापली पुस्तके एकत्र करून एक छोटे ग्रंथालय चालविले होते. त्याला स्वतःचे घर नव्हते. पुढे ज्याच्या नावाने ग्रंथालये जगभर झाली, त्या अँड्र्यू कार्नेगीने आपल्या आत्मचरित्रात या ग्रंथालयाची हकिकत दिली आहे. आपला बाप त्याच्या संस्थापकांपैकी एक होता असे तो अभिमानाने सांगतो. त्या ग्रंथालयाला सात वेळा जागा बदलावी लागली. पहिल्या वेळी तर संस्थापकांनीच पुस्तके आपल्या एप्रनच्या झोळ्यांत आणि कोळशाच्या दोन घमेल्यांत भरली आणि मागाच्या खोलीतून दुसऱ्या जागी वाहून नेली. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारी ग्रंथालये आपल्याही ओळखीची आहेत. आज देवळाच्या ओवरीत, उद्या शाळेच्या पडवीत, परवा कोणाच्या तरी माडीवर. तेव्हा ही हकिकत ऐकून आपल्याला नवल वाटू नये.

कार्नेगीचा जन्म १८३५ सालच्या २५ नोव्हेंबरचा. तो लहान असतानाच वाफेचे माग आले आणि हातमागाची मजुरी पडली. बापाला काम मिळेना. आई मार्गारेट लहानसे दुकान चालवी आणि रात्री जोडे शिवण्याचे काम करी. अखेर १८४८ साली माग विकून या कुटुंबाने अमेरिकेची वाट धरली. मागांचे पैसे इतके थोडे आले की, प्रवासासाठी एका स्नेही बाईकडून वीस पौंड उसने घ्यावे लागले. पिट्सबर्गजवळच्या अ‍ॅलेघेनी गावात तेरा वर्षांचा अँड्र्यू कापडाच्या गिरणीत रिळे बदलणारा पोऱ्या म्हणून लागला. आठवड्याचा पगार एक डॉलर वीस सेंट. पुढच्या वर्षी तो तारघरात निरोप्या झाला.

याच गावात कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ राहत. त्यांच्याजवळ सुमारे चारशे पुस्तके होती. काम करणाऱ्या मुलांनी शनिवारी यावे, एक पुस्तक न्यावे, पुढच्या शनिवारी बदलावे, अशी त्यांनी मुभा ठेवली होती. पुढे हा संग्रह मोठा होऊन त्याची रीतसर संस्था झाली आणि रीतसर संस्थेबरोबर नियमही आले. करार करून धंदा शिकणाऱ्या उमेदवारांना प्रवेश फुकट. इतरांना वर्षाला दोन डॉलर. तारघरातला पोऱ्या 'इतरां'त पडला. १८५३ साली, सतरा वर्षांच्या अँड्र्यूने गावच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिले आणि खाली सही केली 'एक कामकरी मुलगा'. देणगीदाराच्या मनात सर्वच कामकरी मुले होती, मग हा भेद कशासाठी, असा त्याचा मुद्दा. चालकांनी उत्तर दिले, त्याने प्रत्युत्तर दिले, आणि शेवटी नियम बदलला. ग्रंथालयाचे दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद, हे एका ओळीच्या नियमाने ठरते, ही गोष्ट त्याला त्या वयात कळली.

आता कायद्याकडे वळू. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा केला. तो मोठा संकोची कायदा होता. करदात्यांची संमती असेल तर नगरसभेने मालमत्तेच्या दर पौंडामागे अर्धा पेनी एवढा कर ग्रंथालयासाठी बसवावा. मात्र त्यातून पुस्तके घेऊ नयेत! घर बांधा, नोकर ठेवा. पुस्तके कोणी तरी देईल. १८५३ साली हा कायदा स्कॉटलंडला लागू झाला आणि लवकरच मर्यादा एक पेनीवर जाऊन पुस्तके घेण्याचीही मोकळीक मिळाली. तरी गावोगाव करदाते बिथरलेले. ज्याला वाचायचे त्याने विकत घेऊन वाचावे, माझ्या खिशाला चाट कशाला, हा युक्तिवाद तेथेही होता. एक पेनी लहान खरी, पण तिच्यामागे एक मोठे तत्त्व उभे होते. जो वाचत नाही त्यानेही, शेजाऱ्याच्या वाचनासाठी, दरवर्षी काही द्यावे, हे ते तत्त्व.

कार्नेगी पोलादाच्या धंद्यात अपार श्रीमंत झाला आणि आपल्या जन्मगावाला ग्रंथालय देण्यास पुढे आला, ते या पार्श्वभूमीवर. इमारतीसाठी त्याने आठ हजार पौंड दिले. १८८१ सालच्या २७ जुलैला पायाचा दगड बसविला गेला, आणि तो बसविला त्याच्या आईने. ज्या गावातून उसन्या पैशांवर निघावे लागले, त्याच गावात तेहतीस वर्षांनी परत येऊन या जोडे शिवणाऱ्या बाईने ग्रंथालयाची पायाभरणी केली. दोन वर्षांनी, १८८३ सालच्या २९ ऑगस्टला, जेम्स कॅम्बेल वॉकर या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे मठाजवळ ही दगडी इमारत उघडली. दारावर कोरण्यासाठी शिल्पज्ञाने कार्नेगीकडे घराण्याचे बोधचिन्ह मागितले, तेव्हा विणकराच्या घराण्याला कसले आले बोधचिन्ह! त्याने सांगितले, उगवता सूर्य कोरा आणि त्याबरोबर बायबलातले प्रकाशाला बोलावणारे छोटे वचन. ते आजही तेथे आहे. जगात त्याच्या पैशातून जी २,५०९ ग्रंथालये पुढे झाली, त्यांतले हे पहिले.

त्याने देणगी दिली ती इमारतीसाठी. तिच्या निर्वाहासाठी त्याने ठेव ठेवली नाही, जमीन लावून दिली नाही. आपल्या देवळाच्या दात्याने जे प्रथम केले असते, ते त्याने जाणूनबुजून टाळले. पुढे पुढे हा त्याचा ठाम नियमच झाला. गावाने जागा द्यावी. मी इमारतीचे पैसे देतो. आणि त्या रकमेच्या दहा टक्के एवढी रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालविण्यासाठी नगरसभेने देण्याचा ठराव करावा. ठराव नाही, तर इमारत नाही. अमेरिकेत साधारणतः माणशी दोन डॉलर असा देणगीचा हिशेब असे. म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावाला इमारतीसाठी दहा हजार डॉलर मिळत, आणि त्या गावाला दरसाल एक हजार डॉलर ग्रंथपालाचा पगार, पुस्तके, कोळसा आणि दिवे यांसाठी काढून ठेवावे लागत. इमारत एकदाच, आणि हजार दरवर्षी. दहा वर्षांत गावाचा वाटा दात्याच्या वाट्याएवढा होई. विसाव्या वर्षी तो दुप्पट होई. मग ग्रंथालय कोणाचे, हे सांगावयास नको.

या युक्तीचा परिणाम मोठ्या शहरांवरही झाला. एडिंबरोने ग्रंथालयाचा कायदा कित्येक वर्षे लांबणीवर टाकला होता. १८८६ साली कार्नेगीने पन्नास हजार पौंड देऊ केले आणि शहराने कायदा स्वीकारला. देणगीचे आमिष होते हे खरे. पण त्या आमिषाने लोकांना स्वतःवर कर बसवून घेण्याची सवय लागली, आणि ती सवय हीच खरी देणगी ठरली.

घराच्या रचनेवरही या विचाराची छाप पडली. सुरुवातीला गावे दात्याच्या पैशातून ग्रीक देवळांसारखे खांब आणि रुंद जिने उभारीत, आणि पुस्तकांना जागा उरत नसे. त्यामुळे कार्नेगीचा चिटणीस जेम्स बर्ट्रम याने १९११ साली एक छोटी सूचनापत्रिका काढली. दर्शनी डामडौल कमी करा. सभोवार कपाटे ठेवा आणि मध्ये एकाच ग्रंथपालाची नजर सगळीकडे पोहोचेल असे मेज मांडा. मुलांना स्वतंत्र कोपरा द्या. आणि खालच्या तळघरात व्याख्यानासाठी दालन ठेवा. ग्रंथालय आणि व्याख्यान यांना एकाच छपराखाली आणणारी ती पत्रिका, या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना आपलीशी वाटावी. आणखी एक बदल तितकाच महत्त्वाचा होता. जुन्या ग्रंथालयात वाचक फळीच्या अलीकडे आणि पुस्तके पलीकडे असत. नव्या इमारतींत हळूहळू कपाटे उघडी झाली. वाचकाने स्वतः हात घालून पुस्तक काढावे, चाळावे, नको वाटले तर परत ठेवावे, हा विश्वास प्रथम भिंतींच्या रचनेत आला आणि मग लोकांच्या अंगवळणी पडला.

येथपर्यंतची कथा गोड आहे. पण इतिहासकाराने गोडाचाच घास घेऊ नये. कार्नेगीचे पैसे आले कोठून? १८९२ साली पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे त्याच्या पोलादाच्या कारखान्यात मजुरीच्या कपातीवरून झगडा पेटला. तो स्वतः त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता. कारभार हेन्री फ्रिक पाहत होता. ६ जुलैला कंपनीने आणलेले भाडोत्री पहारेकरी आणि कामगार यांच्यात गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची मिळून निदान दहा माणसे मेली. कामगारांची संघटना मोडली. सहा वर्षांनी, १८९८ साली, त्याच होमस्टेडमध्ये कार्नेगीने ग्रंथालय बांधले. त्यात संगीतगृह होते, पोहण्याचा तलावही होता. परंतु पोलादाच्या भट्टीपुढे बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने पुस्तक उघडावे कधी? हा प्रश्न कामगारांनी विचारला, आणि तो रास्त होता. काही गावांनी तर या पैशाला हात लावावयाचे नाकारले. विणकराच्या मुलाने विणकरांच्या गावाला प्रकाश दिला आणि लोखंडकामगारांच्या गावातली मजुरी कापली. हे दोन्ही एकाच माणसाने केले. एकाने दुसरे धुऊन निघत नाही आणि दुसऱ्याने पहिले खोटे ठरत नाही.

दुसरा दोष योजनेतच होता. १९१५ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने अ‍ॅल्विन जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञाला अमेरिकेतील ग्रंथालये पाहून येण्यास धाडले. त्याने सुमारे शंभर ग्रंथालये पाहिली. अनेक ठिकाणी इमारत उभी होती, पण गावाने कबूल केलेली रक्कम पुरी दिलेली नव्हती. ग्रंथपाल अशिक्षित, पुस्तके जुनी. त्याने स्पष्ट सांगितले की आता दगडविटांपेक्षा ग्रंथपालांच्या शिक्षणावर पैसा खर्च करा. १९१७ मध्ये नव्या इमारतींच्या देणग्या बंद झाल्या. म्हणजे ठराव करणे सोपे, पाळणे कठीण, हे शहाण्या देशांतही तसेच आहे. गावाला स्वतःची गरज वाटली नसेल तर दात्याची अट कागदावर राहते.

हाच विचार आपल्याकडे एका मराठी राजाने अधिक खोलवर नेला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शिकलेला मुलगा शाळा सोडताच अक्षरे विसरतो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस आणून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उघडले. खेड्यातील ग्रंथालयाच्या इमारतीसाठी त्यांनी जो नियम ठेवला तो मोठा मार्मिक होता. एक तृतीयांश लोकांनी जमवावे, एक तृतीयांश पंचायतीने द्यावे, एक तृतीयांश सरकार देईल. राजाला सगळे पैसे देणे जड नव्हते. तरीही आधी गावकऱ्यांनी खिशात हात घालावा, मग आम्ही घालू, असा हा रिवाज. कार्नेगीने गावाला नंतरची जबाबदारी दिली; सयाजीरावांनी ती पहिल्या दगडापासून दिली.

आणि आपली आजची स्थिती? मद्रास प्रांताने १९४८ साली ग्रंथालयांचा कायदा करून मालमत्तेच्या कराबरोबर ग्रंथालयाचा उपकर बसविला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली झाला. तो उपकराच्या वाटेने गेला नाही. त्याने शासकीय अनुदानाची वाट धरली. अ, ब, क, ड असे वर्ग पाडून ग्रंथालयांना अनुदान मिळते. त्या आधारावर हजारो ग्रंथालये उभी राहिली, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याची एक सावली आहे. अनुदान वरून येते, देणगी बाजूने येते, वर्गणी वाचकाकडून येते. ज्याला आपण 'गाव' म्हणतो, त्याने स्वतःवर ठरवून घेतलेला असा एक पैसा त्यात नाही. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी दारावर असते, ती असावीच. पण अनुदानाचा हप्ता लांबला की ग्रंथपालाचा पगार थांबतो, आणि गाव त्याबद्दल सभा भरवीत नाही. गावाचा नळ चार दिवस बंद पडला तर मोर्चा निघतो. ग्रंथालय चार महिने संध्याकाळी उघडले नाही तर फक्त त्याचे चार जुने वाचक हळहळतात. नळाची पट्टी आपण भरतो; म्हणून नळ आपला.

डन्फर्मलिनच्या घराचे पुढे काय झाले ते सांगून हा विषय पुरा करतो. २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात ब्रिटनमध्ये शेकडो सार्वजनिक ग्रंथालये बंद झाली. डन्फर्मलिनचे ग्रंथालय मात्र याच वर्षांत वाढले. जुन्या दगडी इमारतीला जोडून नवी इमारत झाली आणि २०१७ साली ती उघडली. तिच्यात ग्रंथालयाबरोबर गावचा दप्तरखाना, चित्रदालन आणि विणकामाच्या धंद्याचे संग्रहालय आहे. या कामी पैसे आले ते फाइफच्या स्थानिक कौन्सिलचे, वारसा-निधीचे आणि कार्नेगीच्या नावाने गावात चालत आलेल्या विश्वस्त निधीचे. पुन्हा तीन वाटे! २०२२ साली या गावाला शहराचा दर्जा मिळाला.

आता कल्पना करा. ज्या विणकरांनी कोळशाच्या घमेल्यांतून पुस्तके वाहिली, त्यांना कोणी देणगीदार भेटला नव्हता, कायदाही नव्हता. त्यांना सात वेळा जागा बदलावी लागली, पण ग्रंथालय बंद करावेसे वाटले नाही. कार्नेगीने आठ हजार पौंडांचे घर दिले ते अशा गावाला, जेथे ग्रंथालय आधीपासून लोकांच्या ओट्यात होते. त्या घराचा पाया आईने बसविला हे खरेच; पण त्याखालचा पाया त्याच्याही आधी बसला होता. होमस्टेडमध्ये तोच दाता, त्याहून मोठी इमारत, आणि तरीही लोकांचे मन फिरलेले; कारण तेथे घमेली कोणी वाहिली नव्हती, आणि वाहण्याइतकी उसंतही दात्याने ठेवली नव्हती.

म्हणून माझी आपणांस विनंती एवढीच आहे. आपल्या गावच्या ग्रंथालयाला नवी इमारत हवी असे आपण म्हणतो. ती जरूर होवो, दाते मिळोत. पण त्याआधी आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाच्या नावापुढे किती आकडा आहे, तो आपण एकदा जाऊन पाहावा. तो आकडा आपल्याला थोडा वाटला, तर तो वाढवावयास सांगावे. आणि त्यासाठी घरपट्टीत चार पैसे वाढले, तर त्याची कुरकुर न करता ते भरावे.